स्पॅनिश गाण्यावर जावांची जोडी

ते गाणं आमच्या घरात माझ्या मुलीनं आणलं. ती तेव्हा कॉलेजात होती आणि दुकानातून सीडीवर गाणी भरून आणायची तिला भारी हौस. त्या सीडीवर दोन बायकांनी मिळून म्हटलेलं एक स्पॅनिश गाणं होतं. मुलगी म्हणाली, याला रेगेटॉन म्हणतात. मी मंगळवार पेठेत घरी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे मला शब्दांच्या आधी आकडे ऐकू येतात. स्पॅनिश मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. पण ठोका मी दुसऱ्या फेरीतच मोजला. आठ मात्रांचं आवर्तन, तेही सरळ चार-चार नाही. तीन, तीन आणि दोन. म्हणजे जोर पहिल्यावर, चौथ्यावर आणि सातव्यावर.

"आई, हे मूळचं पुरुषांचं गाणं असतंय," मुलगी म्हणाली. "पुरुष गाणार, बायका मागं कंबर हलवणार. ह्या दोघींनी माइकच हातात घेतला."

"दोघी बहिणी का?"

"छे गं. दोन वेगळ्या देशांच्या. बाजारात एकमेकींच्या स्पर्धेत हैत. एकीची सीडी खपली की दुसरीची मागं राहती."

"आणि तरी एकत्र गायल्या?"

"गायल्या की. ऐकतीयस न्हवं?"

ऐकत होतेच. पहिली एक कडवं म्हणते, दुसरी पुढचं. कोण कुणाच्या मागं, असं काही नाही. शेवटी दोघी एकदम गातात, तेव्हाही दोन आवाज दोनच राहतात. एक दुसऱ्यात बुडत नाही. हे मला फार आवडलं. त्याला कारण होतं.

माझी थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते, भिंतीपलीकडे राहते. ती शिरोळकडची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून गौरीच्या सणाला झिम्मा-फुगडीत आमची जोडी ठरलेली. पेठेतल्या बायकांच्या मंडळाची दरवर्षी स्पर्धा असते, त्यात जोडीच्या खेळात आम्ही उभ्या राहायचोच. माझ्या मुलीला पहिली आंघोळ अक्कानं घातली. मी बी.एड.ची परीक्षा द्यायला जायचे तेव्हा तिला सांभाळलंही अक्कानंच.

मग दोघा भावांचा लेथचा कारखाना वाटला गेला. कोण चूक, कोण बरोबर, ते मी इथं लिहिणार नाही, कारण दोन्ही बाजू मला पूर्ण ठाऊक नाहीत. एवढं ठाऊक आहे की परसात डोक्याहून वीतभर उंच भिंत आली आणि बोलणं बंद झालं. आमच्याकडे भाऊ बोलायचे थांबले की त्यांच्या बायकांनीही थांबायचं, पोरांनी थांबायचं, सणाचं ताट जायचं थांबायचं. कुणी तसं लिहून देत नाही; सगळे तसं धरून चालतात. गौर थोरल्या घरी राहिली आणि हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. दोन वर्षं अशीच गेली. अक्का समोरून आली की पदर नीट करत खाली बघायची, आणि मीही.

तिसऱ्या वर्षी श्रावणात मंडळाच्या अध्यक्षीणबाई घरी आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, "तुमची जोडी यंदाबी न्हाय ना? मग अक्काला मी दुसरी जोडीदारीण बघून देतो. बरी खेळणारी हाय, रिकामी कशाला ठेवायची?"

त्या गेल्या आणि मी कपबशा विसळायला घेतल्या. भावांनी कारखाना वाटून घ्यावा, तो त्यांचा. अक्काच्या दोन हातांची वाटणी मला न विचारता कशी करता? फुगडीत समोरचीचा हात धरून सगळं अंग मागं झोकून द्यावं लागतं. तिनं हात सोडला तर आपण आपटणार. असा हात एका दिवसात तयार होत नाही. एकदा ती दुसरीबरोबर उभी राहिली असती तर पुढच्या वर्षी आम्हाला कुणी विचारलंही नसतं, आणि आम्हीही मान खाली घालून जगायची सवय करून घेतली असती. मला ती सवय करायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघं भाऊ आपापल्या कारखान्यात असताना, मी मुलीचा डेक परसात नेला आणि तेच गाणं मोठ्यानं लावलं. पलीकडे धुण्याचा आवाज थांबला.

"काय गं हे?" भिंतीपलीकडून अक्का. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. "कोण बायका हैत ह्या?"

"स्पॅनिश हैत, अक्का."

"म्हंजे कुठल्या गावच्या?"

"लई लांबच्या. दोघी दोन देशांच्या."

"जावा-जावा न्हाईत न्हवं?"

"न्हाईत."

"तरीच गुण्यानं गात्यात."

मी हसले. ती हसली की नाही ते दिसलं नाही. मग मी तिला स्पर्धेचं सांगितलं आणि यंदा आपण दोघीच उभ्या राहू म्हणाले.

"मला न्हाय जमायचं बाई. मला ह्या घरात ऱ्हायाचं हाय. तुझं दीर कसं हैत तुला म्हायती न्हाय व्हय?"

"म्हायती हाय. म्हणून तर विचारतो."

मी मुलीकडून ऐकलेलं तिला सांगितलं. या दोघींचा धंदा वेगळा, चाहते वेगळे, एकीचं वाढलं तर दुसरीचं घटतं. तरी एका गाण्यापुरत्या एकत्र आल्या आणि झाल्यावर आपापल्या घरी गेल्या.

"म्हंजे वाटणी झाली तरी गाणं एकत्र?" अक्कानं विचारलं.

"व्हय."

"आणि त्येंच्या घरच्यांनी चालवून घेतलं?"

"घरच्यांचं मला म्हायती न्हाय, अक्का. गाणं झालं एवढं म्हायती हाय."

पलीकडे बादली पालथी केल्याचा आवाज आला. ती त्यावर बसली असावी.

"लाव परत," ती म्हणाली.

अशी आमची तालीम सुरू झाली. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, डेक भिंतीवर. झिम्म्याची टाळी सरळ पडते: एक, तीन, पाच, सात. गाण्याचा जोर एक, चार, सातवर. एक आणि सात जुळत होते, चौथ्यावर पाय अडकत होता. मी पाटीवर मांडून बघितलं आणि अक्काला ओरडून सांगितलं, "मधल्या दोन टाळ्या सोडून देऊ. चौथ्यावर सुपावर थाप मारायची." झिम्म्यात सूप नाचवायची आमची जुनी रीत आहेच. तिनं थाप मारली आणि ते गाणं आमचं झालं. त्या दोघी कुठल्याशा समुद्राकाठच्या, आणि त्यांच्या ठोक्यात आमचं पाखडायचं सूप असं बसलं की मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली.

पावलांची दिशा ठरवताना डावं-उजवं असं आमच्यात कोण म्हणतं? "पयला पाय तालमीकडं, दुसरा देवळाकडं," अक्का म्हणाली. पेठेची कुस्तीची तालीम एका अंगाला, देऊळ दुसऱ्या अंगाला. पाऊल आणि थाप दोन्हीकडून एकदम पडायला लागली. न बघता पडायची, याचा आम्हाला गर्व वाटायला लागला.

एकदा थोरले दीर दुपारीच घरी आले. पलीकडून त्यांचा आवाज आला, "हा काय धिंगाणा लावलाय त्या घरात?" उत्तर माझ्या मुलीनं दिलं, "कॉलेजच्या गॅदरिंगचं हाय, काका." ते खोटं नव्हतं. तिच्या गॅदरिंगला खरोखरच तेच गाणं होतं. काका शब्द मात्र तिनं दोन वर्षांनी उच्चारला होता.

माझ्या नवऱ्याला मी स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. परवानगी मागितली नाही, सांगितलं. ते म्हणाले, "दादाला कळलं तर अक्कालाच सोसावं लागंल."

"अक्कानं इचार केलाय. तिचा इचार तुम्ही करू नका."

त्यांनी भाकरी मोडली.

स्पर्धा पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. नावं पुकारायच्या आधी अध्यक्षीणबाईंनी गाण्यावर बोट ठेवलं.

"हे कसलं गाणं? आपलं न्हाय हे. उद्या म्हणशील पँट घालून नाचतो."

"खेळ पारंपरिक पायजे असं तुम्ही सांगितलंय," मी म्हणाले. "आमचा झिम्मा हाय, सूप हाय, फुगडी हाय. गाण्याबद्दल तुम्ही काय सांगितलं नव्हतं."

"सांगायला कशाला पायजे? समजायला पायजे."

"मग पुढल्या वर्षीपासून सांगा. यंदा वाजू दे."

अक्का तोवर आली होती. हिरवी साडी, काष्टा घातलेला, बगलेत सूप. सगळ्या हॉलनं तिला माझ्या शेजारी येऊन उभं राहताना बघितलं. दोन वर्षांनी तिला मी इतक्या जवळून बघत होते. कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"भितीयस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मीबी. चल."

गाणं लागलं. परीक्षक समोर बसलेले, आम्ही दोघी शेजारी शेजारी, तोंड त्यांच्याकडं. पहिल्या ठोक्याला मी डावीकडं पाऊल टाकलं, अक्कानं उजवीकडं. सूप सुपावर आपटलं, खांद्याला खांदा लागला आणि माझा अंबाडा सुटला. चूक कुठं झाली ते मला त्याच क्षणी कळलं. रोज भिंतीकडं तोंड करून आम्ही खरं तर समोरासमोर नाचत होतो. तालीम मला डाव्या हाताला होती, तिला उजव्या. दोघी बरोबर होतो. शेजारी उभ्या राहिल्यावर दोघी चुकलो.

हॉल हसायला लागला. मागून कुणीतरी बाई ओरडली, "बघा बघा, जावा भांडल्या!" टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मला दारात थोरले दीर दिसले. त्यांना कुणीतरी बोलावून आणलं असणार. ते आत आले नाहीत, पण तिथून त्यांनी अक्काला हातानं खूण केली. चल.

अक्कानं ती खूण बघितली. मग तिनं परीक्षकांकडं पाठ फिरवली नाही, पण तोंडही ठेवलं नाही. ती माझ्याकडं वळून उभी राहिली.

"तू माझ्याकडं बघ," ती भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाली. "त्येंच्याकडं बघायला आपण कवा शिकलोय? हाण."

मी तिच्याकडं वळले. समोरासमोर झाल्याबरोबर सगळं जागेवर आलं. एकला टाळी, चारला सूप, सातला टाळी. गाण्यात पहिली म्हणायची तेव्हा अक्का पुढं, दुसरी म्हणायची तेव्हा मी. शेवटी त्या दोघी एकदम गायला लागल्या तेव्हा आम्ही सुपं टाकली, हातांची कैची केली आणि फुगडी धरली. मी अंग मागं झोकून दिलं. दारातला माणूस, परीक्षकांचं टेबल, हसणाऱ्या बायका, सगळं गरगर फिरत गेलं, आणि मनगटावर अक्काची पकड होती तशीच घट्ट होती. बायका आता हसत नव्हत्या. सातव्यावर टाळी त्याच वाजवत होत्या.

आम्हाला नंबर मिळाला नाही. परीक्षकांकडं तोंड नव्हतं म्हणून गुण कापले. त्यात मला अन्याय दिसत नाही. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

दीर दारातच उभे होते. अक्का घाम पुसत त्यांच्यासमोर गेली. मी तिच्या मागं होते. थोरल्या दिरांसमोर मी आजवर मान वर करून उभी राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले.

"घरी चल," ते म्हणाले. "लोकांत शोभा केलीस."

"येतो की. तिला घेऊन येतो."

"तिचं आमच्या घरात काय काम हाय?"

"गौरीचं हळदीकुंकू हाय," अक्का म्हणाली. "तुमचं तुमच्या भावासंगट बोलणं बंद हाय, ते तुम्ही दोघं बघा. माझं हिच्याशी कशापायी बंद, ते मला दोन वर्षांत कुणी सांगितलं न्हाय. सांगायचं असंल तर आत्ता सांगा, हितंच. सगळी ऐकायला हैतच."

त्यांनी आजूबाजूला बघितलं. बायकांचा घोळका खरोखरच थांबला होता. त्यांनी गाडीला किक मारली आणि ते गेले.

हॉलपासून घरापर्यंत मागच्या बोळानं जवळचा रस्ता आहे. अक्का तिकडं वळली नाही. ती मोठ्या रस्त्याला लागली, जिथं कट्ट्यावर दोन्ही भावांचे मित्र संध्याकाळी बसतात. माझा हात तिनं धरलेला होता. एकानं चाचरत विचारलं, "काय वहिनी, हिकडं कुठं दोघी?"

"घरला," अक्का म्हणाली. "दोघी. नीट बघून घ्या, उद्या कुणाला सांगताना चुकायला नको."