राखणीवरचा नर

चितळ म्हटलं की आपल्या माणसांना हरीण आठवतं. आमच्या घरात चितळ म्हणजे मासा. विळीच्या पात्यासारखा चपटा, पाठीला कुबड, शेपटीकडे काळे ठिपके. दिवसा पाणवनस्पतींत दडून बसायचं आणि तिन्हीसांजेला बाहेर पडून लहान मासे गट्ट करायचे, असा त्याचा खाक्या. लखनौच्या एका संशोधन केंद्रात माझ्या नवऱ्याने या माशापायी उभी हयात घालवली. माझीही, मला न विचारता.

गणपतीत सरोजिनी नगरमध्ये एका बँकवाल्यांकडे आम्ही मराठी घरं जमायचो. तिथे यांचं व्याख्यान ठरलेलं. मादी बुडालेल्या लाकडावर अंडी चिकटवते आणि चालती होते. पुढचं सगळं नर बघतो. शेपटी हलवून अंड्यांवर पाणी खेळतं ठेवतो, गाळ बसू देत नाही, जवळ येईल त्याच्या अंगावर धावतो. वर येऊन हवेचा घोट घेतो, तोही घाईघाईने, की लगेच खाली. "मी हात घातला तर मलाच चावला!" असं म्हणून हे बोटावरचा व्रण फिरवून फिरवून दाखवायचे. बायका म्हणायच्या, "वहिनी, मुलीला बाप मात्र छान मिळाला हं!" मी चहाचे कप गोळा करत असायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मुलगी सातवीत असताना ऐन पावसाळ्यात तिचं अपेंडिक्स फुटलं. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात पोचवलं. मी यांना फोन केला, तर म्हणाले, "अगं, नर अंड्यांवर आहे. आत्ता तळं सोडलं तर वर्षाची मेहनत वाया जाईल. तू आहेस ना तिथे?"

मी होते. मी कायमच होते.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पोरीने पाणी मागितलं आणि मग विचारलं, "मम्मी, बच्चे निकल आए क्या?" घरात ती माझ्याशीसुद्धा हिंदीतच बोलायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, आमच्याकडे कोंबड्या आहेत. पोरीचा हिशेब सरळ होता. पिल्लं निघाली की पापा मोकळे होतील आणि येतील. सकाळी डोळे उघडले की तोच प्रश्न. त्या दिवसांत मला त्या माशाचा इतका संताप आला होता की तो हाती लागता तर तळून खाल्ला असता.

डिस्चार्जच्या दिवशी हे आले. दाढी वाढलेली, चेहरा आनंदाने फुललेला, हातात काचेची बरणी. "बघ, निघाली पिल्लं!" पोरीने बरणीत नीट पाहिलं. "अच्छा है, पापा," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर पापा कधी येणार, हे तिने मला कधीच विचारलं नाही. हे मात्र बरणी डोळ्यांसमोर धरून उभेच होते.

आता ती बंगळुरूला असते. तिचे दिवस भरत आलेत. हे गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि वेळेचं काय करावं ते त्यांना कळेनासं झालं. यंदा मात्र अंगात उत्साह संचारला होता. दोघांची तिकिटं काढली. मलिहाबादला जाऊन दशहरी आंब्यांची पेटी स्वतः निवडून आणली. "रात्री बाळाला मी सांभाळेन, तिला झोपू दे," असं दोनदा म्हणाले. मी डिंकाचे लाडू वळत होते. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं.

मग तिचा फोन आला. "मम्मी, आप अकेली आ जाइए. पापा को रहने दीजिए."

मी म्हटलं, "अगं, ते किती आनंदात आहेत!"

"हाँ, पता है. पर मुझे उनकी आदत नहीं है न."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिची समजूत घातली असती, भांडले असते, रडले असते. इथे समजूत घालण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

हे दारात उभे होते. "काय म्हणाली?"

आयुष्यभर दोघांच्या मध्ये मी शब्द मऊ करून पोचवत आले. त्या दिवशी मला तेवढंही जमलं नाही. तिने म्हटलं तसंच सांगितलं.

ते खुर्चीवर बसले. अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "पण मी तिचं काय बिघडवलं गं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.