पिठाच्या गिरणीत खोडलेलं नाव

त्या वर्षी वर्षावास सुरू होता आणि वर्षा कुठंच नव्हती. नळाला सहाव्या दिवशी पाणी, तेही त्याच्या मर्जीनं. नेमकं तेव्हाच मतदार यादीचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिक्षक म्हणजे सरकारला रिकामटेकडाच वाटतो. जनगणना आहे, द्या गुरुजींना. डोस पाजायचे आहेत, बोलवा बाईंना. सकाळी छावणीतली शाळा, दुपारी पुंडलिकनगरातली दारं आणि संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. उच्चार स्पष्ट म्हणून तेही माझ्याचकडं. नाही म्हणायची विद्या मला कुणी शिकवलीच नाही.

त्यात मैत्रीण. आम्ही एकाच शाळेत, वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या. डब्यातली भाकरी तिच्या आईच्या हातची. त्या मावशींचे गुडघे गेले होते, विहाराच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून पौर्णिमेला मी घरी येऊन वंदना घ्यावी एवढंच त्यांचं मागणं होतं. मी 'येते, येते' म्हणत दोन पौर्णिमा चुकवल्या होत्या. या वेळी मैत्रिणीनं शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं, की आता आली नाहीस तर पुन्हा बोलवणार नाही. म्हणजे शुक्रवारी यादी द्यायची आणि शनिवारी पौर्णिमा.

पुंडलिकनगरात यादीतला घर नंबर आणि दारावरचा नंबर यांची जन्मात गाठ पडत नाही. जिकडं बघावं तिकडं नवा मजला चढतोय, आणि बोअर आटला की भाडेकरू दोन गल्ल्या पलीकडं घर बघतोय. माणसं घरी सापडावीत म्हणून मी शक्कल लढवली: पाण्याच्या दिवशी जायचं. सगळे घरात होते खरे, पण एकालाही उसंत नव्हती. एका बाईंनी माझ्या हातात नळी दिली आणि त्या मोटर लावायला गेल्या. मी मुकाट्यानं त्यांची टाकी भरली. तेवढ्यात माझ्या घरचं पाणी येऊन गेलं. नवऱ्यावर ओरडले, तर तो म्हणाला, शेंद्र्याच्या कंपनीत बसून मी नळ कसा सोडू? बरोबरच होतं, म्हणून आणखी राग आला.

गुरुवारी शेवटची गल्ली राहिली. घर बंद असेल तर तीनदा जायचं, मग शेरा मारायचा, असा नियम. माझ्यात एकदा जायचंही त्राण नव्हतं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत स्टुलावर टेकले आणि गिरणीवाल्या काकांना एकेक घर वाचून दाखवलं. एका घराचे भाडेकरू बोअर आटल्यावर कधीच निघून गेले, असं ते म्हणाले. यादीत त्या घरावर एकच नाव होतं, ते मी खोडलं. शेरा लिहिला: स्थलांतरित, तीन वेळा भेट दिली. नाव एका म्हातारीचं होतं. नावही अनोळखी आणि आडनावही.

शनिवारी पांढरी साडी नेसून मैत्रिणीकडं गेले. मावशी खुर्चीत तयार बसल्या होत्या. मेणबत्ती लावली, त्रिसरण झालं, पंचशील घेतलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील मी ठणठणीत आवाजात म्हटलं आणि मावशींनी ते माझ्यामागून थरथरत म्हटलं.

चहा व्हायच्या आत त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून मतदान कार्ड काढलं.

"तूच यादी करतीस व्हय? माझं नाव हाय का बघ. आजवर एक बी मत चुकवलं नाय मी. तिथं रांगेत मला कुणी मागं सरक म्हणत नाय."

कार्डावर गुरुवारी खोडलेलं नाव होतं. मैत्रीण मला सासरच्या आडनावानं ठाऊक, तिचं मत अजून छावणीतल्या यादीत, आणि मावशी म्हणजे मावशी. बोअर आटल्यावर मीच त्यांची भांडी गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला उभ्या टेम्पोत चढवली होती. त्या गल्लीत पाय ठेवला असता तर दार पाहताच कळलं असतं.

'बघते' म्हणायचं, सोमवारी गुपचूप निस्तरायचं, कुणाला कळलंही नसतं. आठवडाभर मी प्रत्येकाला 'बघते'च म्हणत होते. पण समोरची मेणबत्ती अजून विझली नव्हती. मी सगळं सांगितलं, गिरणी, स्टूल आणि न दिलेल्या तीन भेटींसकट. मला माझीच चीड आली होती. मैत्रीण उठून आत गेली आणि भांडी वाजायला लागली.

मावशींनी कार्ड पदरानं पुसून समोर ठेवलं.

"गिरणीवाल्याला माझं नाव कुठनं ठावं असणार?" त्या म्हणाल्या. "तुला तरी कुठं ठावं होतं?"

मी माझ्या पिशवीतून नवा अर्ज काढला, अंतिम यादीला अजून अवकाश होता. कार्ड समोरच होतं, त्यावरून उतरवता आलं असतं. मी ते पालथं ठेवलं.

"मावशी, तुमचं नाव सांगा."

त्यांनी पदर सावरला आणि स्वतःचं, नवऱ्याचं, मग आडनाव, असं शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं. मी लिहायला लागले.

"हळू लिही," त्या म्हणाल्या. "खाडाखोड नको."