बाटलीवरची बारीक अक्षरं

"थे पोट्टी इंग्रजी शिकली नं, तिलेच वाचाले लावा."

शेजारच्या काकूचा आवाज कुडापलीकडून आला. मी परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते. थे पोट्टी म्हणजे मीच, म्हणून उठले.

काकूच्या अंगणात गावातले तिघे उभे होते आणि पोत्याखाली लांडग्यानं मारलेली बकरी होती. आठवड्यातली तिसरी. काकूच्या चार बकऱ्यांपैकी आता एकच उरली होती, तीही गाभण. माणूस गेल्यापासून काकूचं घर त्या बकऱ्यांवरच चाललं होतं. आई कामावर जायची तेव्हा मला याच अंगणात काकूनं जेवू घातलंय. त्या दिवशी ती रडत नव्हती. बकरीच्या गळ्यातली घंटी तेवढी हातात धरून बसली होती.

त्यांनी कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली माझ्या हातात दिली. लांडगा परत खायला येईल म्हणून मेलेल्या बकरीत किती घालायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाटलीवर फवारणीचं माप होतं. बकरीबद्दल काही लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं, तेव्हा एक जण म्हणाला, कंपनीवाल्याच्या गावात लांडगे नसतीन. सगळे हसले. जहर पक्कं आहे ना, असं मग त्यांनी विचारलं. मी मान हलवली. खाली बारीक अक्षरांत, पोटात गेलं तर काय करायचं, ते लिहिलं होतं आणि उताऱ्याच्या औषधाचं नावही होतं. ते मी मनात वाचलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

लांडगा आमच्या पिढीनं पाहिलाच नव्हता. म्हातारी माणसं सांगायची तेवढाच. यंदा कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत नाल्याकाठच्या झुडपांत तो दिसला. कुणीतरी मोबाईलवर धरलेलं चित्र गावभर फिरलं. हे कुत्रंच आहे, असं निम्मं गाव म्हणत होतं. नंतर बकऱ्या जायला लागल्या आणि वाद थांबला. आमचं गाव मराठी, पण सरहद्दीच्या तेलंगी बाजूला; वनखात्याचा माणूस येऊन तेलुगूत सांगून गेला की याला मारलं तर गुन्हा आहे. लांडग्याला तो तोडेलू म्हणत होता. काकूनं मला विचारलं, काय म्हनते तो. मी सांगितलं. "मंग माह्या बकऱ्यायचं काय म्हनते?" ते मी त्याला विचारलं, तर त्यानं गुन्ह्याचं तेवढं पुन्हा सांगितलं.

दरवर्षी वेचणी झाली की आतल्या तेलंगी मुलखातला एक म्हातारा मेंढपाळ आमच्याकडे येतो. खतासाठी शेताशेतांत मेंढ्या बसवतो. आम्हा सगळ्या मुलींना बिड्डा, म्हणजे लेकरू, म्हणतो. त्याच्याजवळ दोन कुत्री होती, एक काळी आणि एक तांबडी, पिल्लू असल्यापासूनची तिची सोबतीण. कळपातलं एखादं कोकरू लांडग्यानं नेलं की तो शोधायला जात नाही, त्याचा वाटा त्याला गेला म्हणतो. त्यानं हे काकूलाही समजावलं होतं. काकू म्हणाली, "तुह्यापाशी दोनशे हायेत बाप्पा. माह्यापाशी चारच होत्या."

औषध भरलेली बकरी त्यांनी संध्याकाळी नाल्यात टाकली. मेंढ्या तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी पाळी बदलून कळप नाल्याकाठच्या शेतात यायचा होता. हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, कारण त्या पाळीवरूनच पंधरा दिवस भांडण चाललं होतं. माझ्या घरासमोरच झालं होतं ते. तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला ओरडा ऐकून आम्ही सगळे नाल्याकडे गेलो. काळी कुत्री मेली होती. तांबडी आडवी पडून पाय झाडत होती, तोंडाला फेस होता. म्हाताऱ्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मेंढ्या सैरभैर होऊन कपाशीच्या पऱ्हाट्यांत पांगल्या होत्या, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. नाल्यातली बकरी कुत्र्यांनीच खाल्ली होती, लांडगा तिकडे फिरकलेलाही दिसत नव्हता.

बेल्याच्या सरकारी दवाखान्यातून जनावरांचा डॉक्टर आला. त्याच्याच मोटरसायकलवर मागे वनखात्याचा तो माणूस होता. डॉक्टरनं पिशवी उघडली आणि तेलुगूत विचारलं, काय खाल्लं हिनं. कोणतं औषध, ते कळल्याशिवाय सुई द्यायची कशी. एकेकाकडे पाहत त्यानं तेच पुन्हा मराठीत विचारलं, मग हिंदीत. वनखात्याच्या माणसानं वही काढली होती.

तिघेही खाली पाहत होते. एक जण म्हणाला, साप चावला असंन.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझं मनगट धरलं. बाबा मास्तर आहेत. आजोबा याच शेतांवर सालगडी होते. आपण गावाच्या भानगडीत पडायचं नाही, हे मी घरात इतक्यांदा ऐकलंय की शाळेतही मी उत्तर येत असताना कधी हात वर केला नाही. बाबांची पकड घट्ट नव्हती, नुसती होती.

काकू माझ्याकडे पाहत होती. ती घंटी अजून तिच्या मुठीत होती. मी बोलले तर वहीत पहिलं नाव तिचं जाणार, हे तिलाही कळत होतं. ती मान हलवून नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. तिच्या गाभण बकरीचं काय होईल, हा विचार माझ्या मनात आला.

तांबडीचे पाय हळू व्हायला लागले. म्हातारा तिच्या कानाशी तेलुगूत काही बोलत होता. मग त्यानं वर पाहिलं, नेमकं माझ्याकडे नाही, सगळ्यांकडेच, आणि म्हणाला, "कुनी तरी सांगा, बिड्डा."

मी मनगट सोडवून घेतलं. माझा आवाज फार बारीक निघाला, डॉक्टरला वाकावं लागलं.

"कपाशीवर मारायचं औषध आहे. बाटली मी वाचून दाखवली होती. उताऱ्याचं नाव तिच्यावर आहे, मला पाठ आहे. सांगते."