दोन गंधारांमधली जागा

सारंगी वाजवणाऱ्याची नखं बघावीत, तोंड बघू नये. तोंडावर कायम उपाशी असल्याचा भाव असतो आणि तो बहुधा खराच असतो. आमच्या वाद्यात तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी, जिथं कातडी संपते तिथं, ती घासत न्यायची असते. तिथं घट्टा पडला की माणूस सारंगीवाला झाला. हे मला मामांनी शिकवलं. सारंगीवर पोट कसं भरायचं हे काही त्यांनी शिकवलं नाही, कारण ते त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात कलेला मान होता असं आज जो तो सांगतो. होताच की. मोठ्या गवयांना होता, पैलवानांना तर दुधातुपासकट होता. आम्ही गवयाच्या मागं बसणारे. त्यांच्या गळ्यातून निघालेलं आम्ही उचलायचं, आणि बिदागी आमच्यापर्यंत येईस्तोवर देणाऱ्याचा हात आखडलेला असायचा. पावसाळ्यात तर आतड्याच्या तारा दमटपणानं सैल पडायच्या, बैठकाही बंद. मग मी गुळाच्या पेठेत रवे, म्हणजे गुळाच्या जड ढेपा, उचलायला जायचो. रव्याखाली एखादं नख सापडलं की ते वाढेपर्यंत सारंगी मुकी.

त्या वर्षी प्लेग पुन्हा आला. घरात उंदीर पडायला लागले तसं गाव मोकळं झालं आणि आम्ही माळावर झोपड्या घातल्या. मी, बायको आणि अंगावर पिणारी आमची मुलगी.

शेजारच्या झोपडीत एक बाई एकटीच राहायची. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही; मधे तट्ट्याची भिंत होती. रोज पहाटे तिचं जातं सुरू व्हायचं आणि ती ओवी म्हणायची. रोज तीच एक.

गेला जेवून उठून, पाट ठेवला मांडून,
जागा घेतली सारवून, तरी न्हाई गं पुसली.

ओवीची चाल ती काय असणार! जात्याबरोबर फिरायची आणि दाण्याबरोबर खाली यायची. पण ‘जागा’ या शब्दावर ती जो गंधार लावायची, तसा मी कुठल्याच गवयाकडून ऐकला नव्हता. गंधार दोन. कोमल लावला की जीव कळवळतो, शुद्ध लावला की मोकळं वाटतं. ही बाई दोघांच्या मधे जाऊन उभी राहायची. ती रडत नव्हती आणि सावरलीही नव्हती. गाण्यातल्या अशा अचानक सापडलेल्या वळणाला आम्ही लोक ‘जागा’च म्हणतो. जागा या शब्दावरच जागा घ्यायची, आणि तीही जातं ओढता ओढता! मी अंधारात उठून बसायचो.

“अवं, निजा की,” बायको म्हणायची. “दुसऱ्याचं रडं असं कान दिऊन ऐकू न्हाई. कानानंच घरात येतंय ते.”

“रडं न्हाई गं, गाणं हाय.”

“तुमास्नी गाणं वाटतंय. नवरा गेलाय तिचा.” असं म्हणून ती झोपलेल्या पोरीच्या कानावर पदर ओढायची.

एका पहाटे जातं वाजलंच नाही. आदल्या दिवशी तिला ताप भरला होता आणि गाडीत घालून इस्पितळात नेलं होतं, असं बाहेरच्या बायकांनी सांगितलं. ती परत आली नाही. तिची झोपडी जाळली. राख उडून गेल्यावर जमिनीत जात्याचा गोल खळगा तेवढा दिसत राहिला. तिचं नाव विचारत मी माळभर फिरलो. सगळे म्हणाले, “ती होय? ती वव्या म्हणणारी!”

गावात परत आल्यावर मला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी दार लावून मी ती जागा शोधत बसायचो. सारंगीला पडदे नाहीत, दोन गंधारांमधली सगळी वाट नखाखाली मोकळी. म्हणजे सूर तिथं असणारच. मी केसभर वर सरकायचो, केसभर खाली यायचो. मधला सूर मिळायचाही, पण तो नुसता सूर असायचा. ती बाई काही त्यात उभी राहत नव्हती. मुलगी रांगायची ती चालायला लागली, बोलायला लागली, तरी माझं हेच. ती बोबड्या आवाजात “जागा, जागा” म्हणत माझ्याभोवती फिरायची आणि आतून बायको ओरडायची, “पोरीम्होरं तेवढं वाजवू नगा!”

मी मुद्दाम वाजवत नव्हतो, हे कुणाला सांगून पटलं असतं? सारंगीचा गज आपल्या आपण तिकडं वळायचा. एका मोठ्या घरात बारसं होतं. गाणारी बाई पाळण्याचं म्हणत होती आणि मी मागं. मधेच माझ्या हातून ती ओळ निघाली. घरातली म्हातारी ताडकन उठली. “कोण मेलंय रं हितं?” म्हणाली. “उचल तुझं रडगाणं!” उचललं. दुसऱ्या दिवसापासून पेठेत माझं नाव ‘सुतक्या’ पडलं. कोल्हापुरात एकदा नाव पडलं की ते सरणापर्यंत येतं. मग मला बैठकीला कोण बोलावणार?

त्याच सुमारास एका नाटक कंपनीचा मुक्काम पडला. मालकांना पेटीवाला हवा होता. मला ऐकून ते म्हणाले, “कान चांगला आहे तुमचा. सारंगी ठेवा खुंटीला आणि पेटी धरा.” घरी पीठ नव्हतं. मी पेटी धरली.

पेटीत गंधार दोनच. एक काळी पट्टी, एक पांढरी, आणि दोघींमधे नुसती फट. सराव करताना मी त्या फटीकडं बघत बसलो की मुलगी विचारायची, “बाबा, काय हरवलंय?” मी सांगितलं, ह्या दोघींच्या मधला एक सूर. तिनं दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या. भयंकर आवाज निघाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. रोज जेवताना आपला छोटा पाट घेऊन ती माझ्या उजव्या हाताला बसायची. दोन वेळचं मिळत होतं. नखांवरचे घट्टे मऊ पडत गेले. मी सुखात होतो, आणि तरीही पहाटे जाग आली की कान तट्ट्यापलीकडं जायचा.

मग विलायतेतली लढाई संपत आली आणि तापाची ती साथ आली. घराघरातून माणसं नेली. आमच्या घरातून मुलगी नेली. आदल्या रात्री ती जेवली होती, ताटात काही टाकलं नव्हतं.

बायको रडली नाही. घर सारवलं, पाट धुऊन माझ्या उजव्या हाताच्या भिंतीला उभा केला. दळायची, पण मुक्यानं. तिचा गळा तसा यथातथाच. तिला गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं.

एका पहाटे जात्याच्या आवाजानं मला जाग आली. पहिल्यांदा वाटलं, मी माळावर आहे. मग दिसलं की मधे तट्ट्या नाही. चार हातांवर बायको पाठमोरी बसली होती आणि म्हणत होती,

गेली जेवून उठून, पाट ठेवला मांडून...

‘गेला’चं ‘गेली’ केलं होतं. बाकी सगळं तेच. पोरीच्या कानावर पदर ओढता ओढता तिनं स्वतःच्या कानानं ते सगळं ऐकलं होतं. मी अंथरुणात उठून बसलो, कारण पुढची ओळ येत होती.

‘जागा’ आला. दोन गंधारांच्या बरोब्बर मधे ती जाऊन उभी राहिली. माझ्या सारंगीनं इतकी वर्षं शोधलेला तो सूर माझ्या घरात होता, माझ्या बायकोच्या गळ्यात होता. सारंगी खुंटीला होती. मी तिकडं बघितलंसुद्धा नाही. मी तोंडात धोतराचा सोगा कोंबून देवाकडं एकच मागत होतो, की हिची जागा चुकू दे. एकदा तरी चुकू दे.

जातं थांबेपर्यंत ती एकदाही चुकली नाही.