कासवाचं रक्त
मटणाच्या दुकानाशेजारी तव्यावर बकऱ्याच्या गोठलेल्या रक्ताची रक्ती परतली जात असली, की तो वास मला थेट आमच्या बंद पडलेल्या बोटीवर नेतो. अर्नाळ्याहून खूप बाहेर इंजिन बिघडलं, पाण्याचं पिंप कलंडलं, आणि उन्हात माझ्या थोरल्या भावाची जीभ सुजून त्याला धड बोलता येईना. तेवढ्यात जाळ्यात कासव आलं. मी कोयता उचलला तसा भावाने माझा हात धरला. "देव हाय तो. हलद-कुंकू लावून सोडायचा." "हलद कुठाय? पानी कुठाय?" मी ओरडलो. तो हात सोडेना, तेव्हा मासळीच्या लिलावात करतो तसा मी तिथेही सौदा केला. "पाप माझं, घोट तुझा." "पक्कं?" "पक्कं." रक्त कोमट होतं, खारट होतं, बघता बघता गोठत होतं. आधी तो प्यायला, उरलेलं मी. दुसऱ्या दिवशी एका बोटीने आम्हाला ओढत बंदरात आणलं. आईने त्याला कवटाळलं, तर माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "यानं देव कापला." तेव्हापासून तो माझ्या घरचं पाणी पीत नाही. परवा भर बाजारात मी त्याची कॉलर धरली. "तू नाय प्यायलास, दादा?" त्याने शांतपणे माझा हात सोडवला. "प्यायलो. पन पाप तुझं ठरलेलं."