मीनाबाईंचा कान

हुपरीच्या मीनाबाईंनी तीस वर्षं पैंजणांना घुंगरू जोडले. नवरा बाळासो चांदीची साखळी गुंफायचा आणि मीनाबाई एकेक घुंगरू कानाशी हलवून बघायच्या. खणखणीत वाजला तर जोडायचा, बद्द वाजला तर बाजूला. पुढं पुढं तर कानाशी न्यायचीही गरज उरली नाही. पलीकडच्या खोलीत सुनेच्या हातून घुंगरांची वाटी सांडली, तर त्या इथूनच ओरडायच्या, "त्यात दोन बद्द हाईत गं!" आणि दोन निघायचेच.

लेक प्रीती कोल्हापुरात, मंगळवार पेठेत दिलेली. तिनं दीड वर्षाच्या श्रुतीला गाण्याच्या क्लासला घातलं, तेव्हा मीनाबाईंना हसू आवरेना.

"अगं, तिला अजून धड पाणी मागता येईना, आणि गाणं शिकतीया?"

"तूच येऊन बघ की एकदा," प्रीती म्हणाली.

एका शनिवारी मीनाबाई एसटीनं गेल्या. क्लास क्रांतीचा होता. तिचे वडील भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे. तीच पेटी घेऊन ती पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एक ते चार वर्षांची पोरं जमवायची. त्या दिवशी खाली गिरणी घरघरली आणि एक पोर दचकून रडायला लागलं. त्याचं बघून दुसरं, मग तिसरं. बघता बघता चौदा पोरांनी भोकाड पसरलं. क्रांतीची पेटी कुणाला ऐकूही जाईना.

मीनाबाईंच्या पिशवीत सराफाकडं पोचवायचे पैंजण होते. त्यांनी एक काढला, पदराखाली धरला आणि हळूच हलवला. छुम्.

जवळचं पोर गप्प झालं. आवाज कुठून आला म्हणून इकडंतिकडं बघायला लागलं. मीनाबाईंनी पुन्हा हलवला. आता तिघं रांगत निघाली. थोड्या वेळात पदराला पाच-सहा पोरं लटकली होती आणि श्रुती सगळ्यांना ढकलत ओरडत होती, "माजी आज्जी!"

क्लास सुटल्यावर क्रांतीनं वाट अडवली. "मावशी, पुढच्या शनिवारी येणार न्हवं?"

"मी? मला सारेगम येत न्हाय बाई."

"ते मला येतंय की. तुम्ही नुसता कान घेऊन या."

बाळासोंनी ऐकलं आणि आधी पोट धरून हसले. मग न सांगताच दोन पट्टे करून आणले. एकावर बारीक घुंगरू, दुसऱ्यावर टपोरे. त्यावरनं मीनाबाईंनी खेळ काढला. बारीक वाजले की हात वर, टपोरे वाजले की फतकल मारून खाली. चालता न येणारी पोरंसुद्धा हात तेवढे उंचवायची.

दोन महिने झाले आणि उदयसिंह आले. तालमीत घोटलेलं अंग, दणदणीत आवाज. त्यांचा साडेतीन वर्षांचा सार्थक क्लासला होता.

"हे काय चाललंय? सुरांचं काय शिकवताय का न्हाय? नुसता छुमछुमाट!"

क्रांती उत्तर द्यायला पुढं झाली. मीनाबाईंनी तिला मागं सारलं. 

"पावणं, बसा. डोळं मिटा. बारीक का टपोरं, एवढंच सांगा."

उदयसिंह मांडी घालून बसले. शेजारी उभ्या सार्थकनंही डोळे मिटले. पहिले दोन बापलेकांनी बरोबर ओळखले. मग मीनाबाईंनी दोन्ही पट्टे एकदम, अगदी हलके वाजवले.

"टपोरं!" उदयसिंह गरजले.

सार्थकनं एक हात वर केला आणि तसाच फतकल मारून खाली बसला.

"दोन्ही हाईत, पप्पा!"

खोलीत हशा पिकला. उदयसिंहांनी कान चोळत पोराकडं बघितलं. मग त्याला खांद्यावर घेऊन स्वतःच खो खो हसायला लागले. "आज्जी, पुन्यांदा वाजवा. ह्या बारीला सांगतो बघा." तेही चुकलं. पण गडी क्लास सुटेपर्यंत हलला नाही.

संध्याकाळी हुपरीत बाळासोंनी विचारलं, "आज किती पोरं आलती?"

"पंधरा," मीनाबाई म्हणाल्या. "एक जरा थोराड हुतं."