गाठींचा दोर आणि दोन विहिरी

आंजीच्या पंचक्रोशीत माझ्या थोरल्या वहिनीने डोकावून पाहिलं नाही, अशी विहीर शिल्लक नसेल. लोक लग्नाला गेले की नवरी पाहतात, वहिनी यजमानांची विहीर पाहते. केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेली, तर परत येऊन अर्धा तास वाटेवरच्या एका विहिरीबद्दलच बोलत होती. पिशवीत कायम एक दोर. हाताहातावर गाठ, टोकाला दगड. संध्याकाळी मोटर बंद झाली की दोर तळापर्यंत सोडायचा, भिजलेल्या गाठी मोजायच्या, सकाळी पुन्हा मोजायच्या आणि पाणी किती चढलं त्यावरून उन्हाळ्यात तिथे किती जमीन भिजेल ते सांगायचं. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचं. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोहे संपायच्या आत ती गायब झाली. शोधलं तर परसातल्या विहिरीवर ओणवी, आणि दोर धरायला खुद्द ती मुलगी. परतताना वहिनीने निकाल दिला, "पोरगी चांगली हाय. गाठी मोजताना एकदाबी चुकली नाई." त्या मुलीशी माझा संसार आता बारा वर्षांचा झाला.

दोन वर्षांपूर्वी धुऱ्यापलीकडच्या, आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतातल्या बाईने पहिल्यांदाच उन्हाळी भुईमूग घ्यायचं ठरवलं. नवरा जंगलातल्या कामाला जाई, शेत तीच पाही. ती वहिनीला म्हणाली, "बाई, माह्या विहिरीवर किती होईन, सांगा." वहिनीला सणच मिळाला. ती रोज तिची आणि आमची, दोन्ही विहिरी मोजू लागली आणि आठवड्याने तिच्या ध्यानात आलं. आमची मोटर चालली की शेजारणीच्या विहिरीत सकाळी दोन गाठी पाणी कमी भरत होतं. तिने दादाला चार दिवस मोटर बंद ठेवायला लावली. तिकडे पाणी चढलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा उतरलं.

"ह्या दोन विहिरी नाईत, भाऊजी," ती मला म्हणाली. "पाणी एकच हाय, तोंडं दोन."

हिशेब सरळ होता. दोघींत मिळून एक एकर भिजेल, जास्त नाही. आमचाच तर एक एकर नांगरून तयार होता. दादा उखडला. "आपली विहीर पह्यलेची हाय. आपण काऊन सोडाचं?"

वहिनी वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शेजारणीच्या विहिरीवर नेलं, दोर हातात दिला आणि म्हणाली, "तुमीच मोजा." दादाने तीनदा मोजलं. घरी येऊन चहा पिताना एवढंच म्हणाला, "अर्ध्यातच पेरू."

मे महिन्यात दोन्ही शेतांत भुईमूग निघाला. ढीग लहानच होते, पण शेंगा भरलेल्या होत्या. शेजारीण पहिल्या शेंगा उकडून घेऊन आली. दोघी ओट्यावर बसून टरफलं काढत राहिल्या.

यंदा वहिनीचे गुडघे गेले. काठावर ओणवं होणं डॉक्टरांनी बंद केलंय. परवा मी तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. नंबर लागेपर्यंत ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहून लांबची वाळलेली शेतं पाहत होती.

"भाऊजी, इतके वर्षं मी पाणी मोजून राह्यली," ती म्हणाली, "पण ते खालून येते कुठून, हे कुठी समजलं मले?"

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं, तरी ती लगेच हलली नाही. मीही तिला घाई केली नाही.